एक्सप्लेनर : गोखले यांनी गिरमिटचा कायदा कोणत्या कसोटीवर घासला? १९१२ चा हरलेला ठराव आणि आजचे स्थलांतर कायदे

परदेशात कामाला जाणाऱ्या भारतीयांसाठीचा एमिग्रेशन ॲक्ट १९८३ चा आहे. तो बदलण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यातून जुना प्रश्न पुन्हा पुढे आला : आपले स्थलांतर कायदे आंतरराष्ट्रीय निकषांत बसतात का? कायदेमंडळात असाच प्रश्न ११० वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने मांडला होता. तेव्हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, अस्तित्वातही नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या या कामाची चर्चा मात्र फारशी होत नाही.

कोण होते गोखले?

जन्म ९ मे १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक. वडील लहानपणीच गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा गोपाळला पाठवले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून पदवी घेऊन गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. ते गणितही शिकवत. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक चांगले खपले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त कमावली. पुढची त्यांची सगळी भाषणे याच शिस्तीवर उभी आहेत : सरकारचेच आकडे घ्यायचे आणि सरकारसमोरच मांडायचे.

१९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पोहोचले. १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपदही भूषवले.

गिरमिट म्हणजे नेमके काय?

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून मॉरिशसला, नंतर गयाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरीनाम आणि फिजीला भारतीय मजूर करारावर जाऊ लागले. 'ॲग्रीमेंट'चे बोलीभाषेत 'गिरमिट' झाले. करार साधारण पाच वर्षांचा असे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत गोखले यांच्याच रत्नागिरी भागातले अनेक जण होते. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंश.

मराठवाड्याच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. उसाचे काम, आधी हातावर ठेवलेले पैसे, गावोगाव फिरून माणसे गोळा करणारा दलाल (तिकडे त्याला आरकाटी म्हणत, इकडे मुकादम). पण एक मोठा फरक आहे. गिरमिटमध्ये काम सोडले, गैरहजर राहिले किंवा चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पडले, तर तो थेट फौजदारी गुन्हा होता. शिक्षा दंड किंवा तुरुंगवास.

गोखले यांनी काय तपासले?

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी नाताळसाठीची मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला, कायद्यात दुरुस्ती केली आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. १८६० पासून तोवर सुमारे १ लाख ५२ हजार भारतीय तिथे गेले होते.

४ मार्च १९१२ चा दुसरा ठराव मोठा होता : कोणत्याच देशासाठी गिरमिट नको. या भाषणात त्यांनी कराराची चिरफाड केली. मजूर अनोळखी देशात जातो. वाटून दिला जाईल त्या मालकाकडे त्याला राबावे लागते. परवान्याशिवाय मळा सोडता येत नाही. ठरलेली वर्षे सांगितले ते काम करावे लागते. मजुरी मोकळ्या मजुरापेक्षा कमी. आणि सर्वात गंभीर म्हणजे, ज्या कायद्याने त्याला तुरुंगात टाकता येते, तो कायदा निघण्याआधी त्याला समजावून सांगितलेलाच नसतो. फौजदारी कलमे करारात लपवलेली आहेत, तर संमती कशाला दिली म्हणायची, हा त्यांचा मुद्दा होता. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याचा नियम आणि मळ्यांवरील आत्महत्यांचे प्रमाणही त्यांनी पुढे ठेवले.

खुद्द ब्रिटनमध्ये कामाचा करार मोडणे १८७५ पासून फौजदारी गुन्हा राहिला नव्हता. साम्राज्य घरच्या मजुरांना एक माप लावत होते आणि वसाहतींतल्या मजुरांना दुसरे.

ठराव पडला. बाजूने २२ मते, विरोधात ३३. सभागृहात बहुमतच सरकारी सदस्यांचे होते.

तीन पौंडांचा कर आणि दक्षिण आफ्रिका दौरा

नाताळची भरती थांबली, पण आधी गेलेल्यांचे काय? १८९५ च्या कायद्याने करार संपल्यावर तिथेच राहू इच्छिणाऱ्यांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. पुढे तो १६ वर्षांवरील मुले आणि १३ वर्षांवरील मुलींनाही लागला. हिशेब करून पाहा : गिरमिटात सुरुवातीची मजुरी महिन्याला १० शिलिंग होती, तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग. सहा महिन्यांची कमाई, तीही माणशी. त्यामुळे पर्याय दोनच उरत : पुन्हा गिरमिट किंवा परतीचे जहाज.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी किम्बर्ली, जोहान्सबर्ग, दरबान असा दौरा केला. तिथल्या कोकणी मुसलमानांना आणि काही महाराष्ट्रीय हिंदूंना त्यांचे मराठी भाषण ऐकायचे होते. गांधीजींनी दुभाषाची जबाबदारी घेतली. गांधीजींचे मराठी कितपत चालेल, याची गोखले यांना आधी शंकाच होती. नंतर मात्र ते झांझिबारपर्यंत मराठीतच बोलले.

प्रिटोरियात जनरल बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीआधी त्यांनी गांधीजींकडून चार वसाहतींतल्या भारतीयांचा १८ वर्षांचा इतिहास कागदावर उतरवून घेतला आणि रात्र जागून उजळणी केली. भेटीनंतर कर रद्द होणार असे त्यांनी सांगितले. पण लेखी काहीच नव्हते. १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे वचन दिलेच नव्हते, असा पवित्रा घेतला. गोखले यांच्या कारकिर्दीतली ही मोठी ठेच म्हणावी लागेल.

त्यातून पेटलेल्या सत्याग्रहात खाणकामगार आणि मळ्यांवरचे गिरमिटिये हजारोंनी उतरले. गोखले यांनी भारतात निधी उभा केला आणि सी. एफ. अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेत पाठवले. १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने तो कर गेला.

आजचे निकष काय सांगतात?

सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आयएलओ करार १९३० चा, भारताने तो १९५४ मध्ये स्वीकारला. मात्र स्थलांतरित कामगारांवरचे १९४९ आणि १९७५ चे आयएलओ करार आणि संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार भारताने स्वीकारलेले नाहीत. खासगी भरती एजंटांवरचा १९९७ चा करारही नाही. कामगाराकडून भरतीचे शुल्क घेऊ नये, हे त्या कराराचे मूळ तत्त्व. आपल्या नियमांत एजंटाला ३० हजार रुपयांपर्यंत, अधिक जीएसटी, घेता येतात.

छत्रपती संभाजीनगरहून आखातात मजुरीला निघालेला तरुण दहावी पास नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' नोंद येते. जाण्याआधी त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी लागते. हे पदनाम गिरमिटच्या काळातल्या कायद्यांतूनच आले आहे.

गिरमिट कधी संपले?

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी गोखले पुण्यात गेले. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि या वेळी व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तो मान्य केला. मार्च १९१७ मध्ये, महायुद्धाच्या काळात, मजुरांची निर्यात थांबवण्यात आली. फिजीत अडकलेल्यांचे उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.