ट्रॉफी घ्यायला चॅम्पियन जिवंतच नव्हता : फॉर्म्युला वनच्या योखेन रिंटची गोष्ट

नोव्हेंबर 1970. पॅरिसमध्ये फॉर्म्युला वनच्या वर्ल्ड चॅम्पियनला ट्रॉफी देण्याचा कार्यक्रम होता. आदल्या वर्षीचा चॅम्पियन जॅकी स्टुअर्टने ट्रॉफी दिली, पण ती घ्यायला चॅम्पियन आला नव्हता, आली होती त्याची बायको निना. कारण चॅम्पियन योखेन रिंटला जाऊन दोन महिने उलटले होते.

मेल्यानंतर वर्ल्ड चॅम्पियन ठरलेला फॉर्म्युला वनच्या इतिहासातला तो एकमेव ड्रायव्हर. आजपर्यंत.

रिंटचा जन्म 18 एप्रिल 1942 चा, जर्मनीतल्या माइन्झ शहरातला. दुसरं महायुद्ध चालू होतं. तो जेमतेम सव्वा वर्षाचा असताना हॅम्बुर्गवर बॉम्बहल्ले झाले आणि त्यात त्याचे आईवडील दोघेही गेले. मग आजी-आजोबांनी त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वाढवलं. नागरिकत्व शेवटपर्यंत जर्मन राहिलं, पण तो रेसमध्ये उतरायचा ऑस्ट्रियाकडून.

घरची मसाल्याची गिरणी होती. वडिलोपार्जित पैसा हाताशी आल्यावर पठ्ठ्याने तो रेसिंगमध्ये घातला. 1964 साली फॉर्म्युला टूची गाडी घेतली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस ट्रॅकवर थेट ग्रॅहम हिलला हरवलं. हिल तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होऊन गेलेला माणूस, आणि हा 22 वर्षांचा नवखा पोरगा. पुढच्याच वर्षी अमेरिकन ड्रायव्हर मास्टन ग्रेगरीसोबत फेरारी चालवत त्याने ल मान्सची 24 तासांची रेसही मारली.

फॉर्म्युला वनमध्ये मात्र नशीब साथ देत नव्हतं. पहिला विजय मिळायला 1969 उजाडलं. तोवर तो लोटस टीममध्ये आला होता. लोटसचा मालक कॉलिन चॅपमन अफलातून इंजिनिअर, पण त्याच्या गाड्या जितक्या वेगवान तितक्याच नाजूक. त्याच वर्षी स्पेनच्या रेसमध्ये रिंटच्या गाडीचा मागचा विंग तुटला आणि मोठा अपघात झाला. त्यातून वाचल्यावर त्याने जाहीर पत्र लिहून अशा उंच विंग्जना विरोध केला.

थोडक्यात, धोका त्याला पुरता ठाऊक होता. तरीही तो लोटसमध्येच राहिला, कारण चॅम्पियन व्हायचं तर तीच गाडी हवी होती.

मग आलं 1970. मोनॅकोत शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर पुढे असलेला जॅक ब्रॅबहम घसरला आणि रिंट जिंकला. पण जून महिना वाईट निघाला. महिन्याच्या सुरुवातीला ब्रूस मॅकलरेन टेस्टिंग करताना गेला. त्यानंतर नेदरलँड्सच्या रेसमध्ये रिंटचा जवळचा मित्र पियर्स करेज गाडीला लागलेल्या आगीत गेला. ती रेस रिंटनेच जिंकली होती.

पुढे फ्रान्स, ब्रिटन आणि जर्मनी, असे सलग विजय आले. यातली जर्मनीची रेस नेहमीच्या न्युर्बुर्गरिंगवर झालीच नाही. तो ट्रॅक सुरक्षित नाही म्हणून ड्रायव्हर अडून बसले आणि रेस हॉकेनहाइमला हलवावी लागली. एकूण पाच विजय, प्रत्येकी 9 पॉइंट, म्हणजे 45 पॉइंट.

5 सप्टेंबर 1970. इटलीतला मॉन्झा ट्रॅक, शनिवारची प्रॅक्टिस. सरळ रस्त्यावर जास्त वेग मिळावा म्हणून लोटसचे विंग काढले होते. पॅराबोलिका वळणाआधी ब्रेक दाबताना गाडी भरकटली आणि कठड्यावर आदळली. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक शाफ्ट तुटला होता, असं तपासात निघालं. कठडाही नीट बसवलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट घडली. गाडीला आग लागली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून रिंट सीटबेल्टचे मांड्यांमधून येणारे पट्टे लावत नसे. धडकेत तो सीटवरून खाली सरकला आणि लावलेल्या बेल्टनेच त्याच्या गळ्याला जीवघेणी इजा झाली. एका धोक्यापासून वाचायला केलेला उपाय दुसऱ्या धोक्यात उलटला. वय होतं अवघं 28.

आता प्रश्न चॅम्पियनशिपचा. फेरारीच्या जॅकी इक्सकडे 19 पॉइंट होते आणि मॉन्झानंतर तीन रेस बाकी होत्या. तिन्ही जिंकल्या तर त्याचे होणार होते 46, म्हणजे रिंटपेक्षा फक्त एक जास्त. कॅनडाची रेस इक्सने जिंकली. धाकधूक वाढली.

4 ऑक्टोबरला अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला लोटस टीम पुन्हा ट्रॅकवर आली. एमर्सन फिटिपाल्डी हा ब्राझीलचा नवा पोरगा तिथे आयुष्यातली पहिली फॉर्म्युला वन रेस जिंकला. इक्स चौथा आला आणि हिशोब तिथेच संपला. ज्या टीमची गाडी चालवताना रिंट गेला, त्याच टीमने त्याचा किताब राखला. हरल्याचं दुःख नाही, हे इक्सने नंतर मोकळेपणाने सांगितलं. जो लढायला उरला नाही त्याच्याकडून किताब घ्यायची त्याची इच्छाच नव्हती.

रिंटला हा मान कुणी सहानुभूती म्हणून दिलेला नाही. 45 पॉइंट त्याने स्वतः, जिवंतपणी कमावले होते. नियमांनी ते तसेच ठेवले, एवढंच.

ऑस्ट्रियाच्या ट्रॅकवर आज एका वळणाला रिंटचं नाव आहे. ड्रायव्हर आता सगळे पट्टे आवळून त्या वळणावरून जातात. स्टुअर्टसारख्यांनी सुरक्षेची लढाई पुढे नेली, म्हणून त्यातले बहुतेक जण रेस संपवून घरी पोहोचतात.