अहिल्याबाईंची सावली

जामखेड तालुक्यातील सीनाकाठचे चौंडी हे गाव. पावसाचा भरवसा नसलेला हा मुलूख. येथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. पाण्याचे आणि सावलीचे मोल त्यांना बालपणीच उमगले असावे.

मल्हारराव होळकरांनी त्यांना सून म्हणून पसंत केले. पुढे मात्र आघातांमागून आघात आले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ मध्ये त्यांचे, तर १७६७ मध्ये पुत्र मालेरावांचे निधन झाले आणि माळव्याचा कारभार अहिल्याबाईंकडे आला. नर्मदाकाठचे महेश्वर त्यांची राजधानी झाले.

त्यांनी बांधलेली मंदिरे आणि घाट सर्वश्रुत आहेत. वाटसरूंसाठी विहिरी, धर्मशाळा, पाणपोया आणि रस्त्याकडेची झाडे ही त्यांच्या कारभाराची दुसरी ओळख. बैलांच्या तांड्यांवर चालणाऱ्या व्यापाराला सावली आणि पाणी हाच आधार होता. डोंगरी वाटांवर भिल्लांचा मालावरील ठरावीक कर घेण्याचा हक्क त्यांनी मान्य केला. त्या बदल्यात वाटसरूंचे रक्षण आणि पडीक जमिनीची लागवड भिल्लांकडे सोपविली.

मुक्या जिवांनाही या कारभारात वाटा होता. भर उन्हाळ्यात औत ओढणाऱ्या बैलांना त्यांचे सेवक शेतात जाऊन पाणी पाजत. शेतकरी पाखरांना हाकलणारच, हे त्यांना मान्य होते. म्हणून त्यांनी काही शेते स्वतः विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी माळव्याच्या वृत्तांतात याची नोंद केली आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये जन्मजिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बांधावरची झाडे आणि जिवंत कुंपणे वाऱ्याचा वेग रोखतात, माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात आणि किडी टिपणाऱ्या पाखरांना आसरा देतात. मात्र झाडाची सावली पिकावर पडते, मुळे ओल शोषतात. म्हणून शेतकरी कचरतो. लाभ साऱ्या शिवाराचा आणि तोटा एकाचा, हा पेच आजही कायम आहे. पाखरांच्या दाण्यांचा भार शेतकऱ्यावर न टाकता तो स्वतः उचलणाऱ्या अहिल्याबाईंनी त्याचे उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.