जूलसाहेबांचा हिशोब

शेतकरी मंडळी, डिझेल नको, वीज नको, तरी पंप चालतो, असं सांगणारा कुणी दारात आला तर त्याला हाकलू नका. पण लगेच कनवटीचे पैसेही सोडू नका. आधी जेम्स जूल यांचं चरित्र ऐका.

१८१८ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ सॅलफर्डला ते जन्मले. घरचा धंदा बिअरच्या कारखान्याचा. विजेची मोटार तेव्हा नवलाईची. ती वाफेच्या इंजिनाला मागे टाकील, अशी तरुण जूलना मोठी आशा. पण नुसत्या आशेवर ते थांबले नाहीत. बॅटरीत जस्त किती खर्ची पडतं आणि काम किती होतं, ते मोजलं. कोळशापुढे जस्त परवडत नाही, हे दिसताच तसं छापून मोकळे झाले. पुढे डायनामोची स्वस्त वीज आली, तेव्हा मोटारीचे दिवस पालटले. आज तुमच्या विहिरीवर तीच आहे.

मोजता मोजता त्यांना उमगलं, की कामापासून उष्णता होते, तीही ठराविक हिशोबाने. १८४३ साली कॉर्कच्या सभेत हे मांडलं, तर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जूल हटले नाहीत. वजनं खाली सोडून पाण्यातली वल्ही फिरवली, पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. १८५० साली रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. १८८९ मध्ये ते वारले. आज ऊर्जेचं माप त्यांच्याच नावाने चालतं.

तेव्हा यंत्रवाल्याला एवढंच विचारा: आत काय जातं, बाहेर किती येतं? आमच्यासमोर मोजून दाखवा. मग व्यवहाराचं बोलू.