रघुनाथराव पेशवे

रघुनाथराव बाजीराव भट ऊर्फ राघोबादादा (१८ ऑगस्ट १७३४ – ११ डिसेंबर १७८३) हे मराठा सेनानी व अल्पकाळ पेशवे होते. थोरले बाजीराव व काशीबाई यांचे ते धाकटे पुत्र. उत्तरेतील पराक्रम आणि पुतणे नारायणराव यांच्या खुनातील सहभाग या दोन परस्परविरोधी कारणांनी त्यांचे नाव इतिहासात राहिले.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. १७५८ साली त्यांच्या फौजांनी सरहिंद व लाहोर जिंकले आणि मराठ्यांचा अंमल अटकेपर्यंत पोहोचला. बंधू नानासाहेबांच्या निधनानंतर १७६१ मध्ये पेशवेपद पुतणे माधवराव यांच्याकडे गेले. तेव्हापासून चुलत्या-पुतण्यांत सत्तेसाठी संघर्ष सुरू झाला. १७६८ मध्ये धोडप येथे पराभूत झाल्यावर रघुनाथरावांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.

नारायणरावांचा खून

नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. लवकरच रघुनाथराव पुन्हा कैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराच्या निमित्ताने सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार वाड्यात शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्याच दालनात धावले व त्यांना बिलगले. तेथेच त्यांची हत्या झाली. धन्याला वाचवू पाहणारे सेवकही मारले गेले. पेशव्यांना धरण्याच्या आज्ञापत्रात आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. कट केवळ कैदेचा होता की जिवे मारण्याचा, याविषयी मात्र मतभेद आहेत.

न्याय व पदच्युती

रघुनाथराव पेशवे झाले. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवले. या अपराधाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असा निवाडा देऊन शास्त्रीबुवांनी पुणे सोडले, असे परंपरा सांगते. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदी बारभाईंनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि पेशवेपद त्या तान्ह्या बालकाला मिळाले.

इंग्रजांचा आश्रय व अखेर

मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी लष्करी मदतीच्या बदल्यात साष्टी व वसई इंग्रजांना देऊ केली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेली वसई त्यांचाच पुतण्या देण्यास निघाला होता. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्यांची बाजू सोडली व त्यांना निवृत्तिवेतन ठरले. वसई मराठ्यांकडे परतली. साष्टी मात्र कायमची गेली. पुढील वर्षी कोपरगाव येथे रघुनाथरावांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी १८०२ मध्ये वसई येथेच तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणावर आधारित आहे.