पाखरांचा पारखी

समुद्रावर उडणाऱ्या सुरय पक्ष्यांचा थवा दुरून पाहिला, की सारे पक्षी एकसारखेच वाटतात. पाठ करडी, पोट पांढरे, डोक्यावर काळी टोपी आणि शेपूट दुभंगलेले. अशा थव्यातून एखादा निराळा पक्षी ओळखायचा, तर नजर तीक्ष्ण हवी आणि मन धीराचे हवे. जॉर्ज माँटेग्यू या इंग्रज संशोधकाने असे अनेक पक्षी जगाला ओळखून दिले.

माँटेग्यूचा जन्म १७५३ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. तरुणपणी तो सैन्यात अधिकारी होता. परंतु त्याचे मन रमे ते रानावनात. पुढे डेव्हन परगण्यात किंग्जब्रिज गावाजवळ त्याने वस्ती केली आणि उरलेले आयुष्य प्राणिमात्रांच्या निरीक्षणास वाहिले. १८०२ साली त्याने ब्रिटनमधील पक्ष्यांचा कोश प्रसिद्ध केला.

त्या काळी पक्ष्यांच्या ज्ञानात मोठा गोंधळ होता. भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यांत काही करडे, तर काही तपकिरी व शेपटीवर पट्टे असलेले दिसत. या दोन वेगळ्या जाती आहेत, असे अनेक ग्रंथांत लिहिलेले होते. माँटेग्यूने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्याने घरट्यातील पिले आणून पाळली आणि त्यांच्या पिसांची बारकाईने नोंद ठेवली. पुढच्या वर्षी तपकिरी पिसे गळून नराच्या अंगावर करडी पिसे आली! करडा तो नर व तपकिरी ती मादी, हे सिद्ध झाले. मात्र त्यांच्यासारखाच दिसणारा, पण अधिक सडपातळ असा एक भोवत्या खरोखरच निराळ्या जातीचा आहे, हेही त्याने ओळखले.

पुढे स्कॉटलंडमधील मॅक्डूगल नावाच्या डॉक्टराने त्याच्याकडे काही सुरय पाठविले. ते कंब्रे बेटांवर मिळाले होते. नेहमीच्या सुरयांच्या गर्दीत हे थोडेच होते. पण त्यांची शुभ्र झळाळी आणि उडण्याची वेगळी ढब डॉक्टराच्या नजरेत भरली होती. माँटेग्यूने चोच, पंख, शेपटी ताडून पाहिली. चोच बरीचशी काळी, पंख आखूड, शेपटीची टोके लांब आणि छातीवर फिकट गुलाबी छटा. पक्षी मेल्यावर ही छटा हळूहळू पुसट होते. म्हणून जिवंत पक्ष्याच्या निरीक्षणाचे मोल मोठे. १८१३ साली माँटेग्यूने या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव देताना त्याने डॉक्टराचाच गौरव केला. हाच तो गुलाबी सुरय.

१८१५ साली पायात गंजका खिळा रुतल्याचे निमित्त होऊन धनुर्वाताने माँटेग्यूचा अंत झाला. त्याने ओळखलेल्या सडपातळ भोवत्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. हा पाहुणा दर हिवाळ्यात महाराष्ट्रातील माळरानांवर येतो आणि गवतावरून संथपणे तरंगत टोळ व नाकतोडे टिपतो. ग्रंथात लिहिलेलेही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहणाऱ्या पारख्याची ती जिवंत आठवण आहे.