अनंत कान्हेरे आणि एक ब्राउनिंग पिस्तूल

अनंत लक्ष्मण कान्हेरे हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारा क्रांतिकारक, एवढेच. ओळ संपते आणि परीक्षेपुरते कामही संपते. मला मात्र त्या ओळीने स्वस्थ बसू दिले नाही. गोळ्या झाडल्या तेव्हा अनंत सतरा-अठरा वर्षांचा होता. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. त्या काळी अशा पोराच्या हातात पिस्तूल आले कोठून, आणि पिस्तूलच का आले, या प्रश्नामागे लागून जे वाचले ते येथे मांडत आहे.

अनंतचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातला, आयनी गावचा. इंग्रजी शिक्षणासाठी तो औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) मामांकडे गेला. तो मुलूख तेव्हा निजामाचा. तेथे गंगाराम मारवाडी नावाच्या गृहस्थांशी त्याची मैत्री जुळली आणि त्यांच्यामुळे तो गुप्त संघटनेच्या वर्तुळात ओढला गेला. त्याचे धैर्य पाहण्यासाठी तापलेला चिमटा हातावर ठेवण्यात आला व त्याने हात हलविला नाही, अशी आठवण सांगतात. शिकण्यासाठी गाव सोडलेल्या मुलाचे पुढे काय होईल हे घरच्यांना कधीच सांगता येत नाही. माझ्या घरात माझ्यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, म्हणून मला हे जरा अधिक जाणवते.

आता शस्त्राकडे वळतो. माझे आजोबा तीरकामठा खांद्याला अडकवूनच रानात जात. आमच्या सातपुड्यात शस्त्र दडविण्याची रीत नाही. रानातले शस्त्र लांब पल्ल्याचे हवे आणि समोरच्याला दिसले तरी चालते. शहरात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत बाळगायचे शस्त्र याच्या अगदी उलट असावे लागते. त्यातून १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा हिंदी माणसाला गुन्हाच झाला होता. तेव्हा जे काही हवे ते परदेशातून यायचे आणि लपून राहायचे, या दोन अटींत बसणारेच असणे भाग होते.

ब्राउनिंग पिस्तूल या अटींत नेमके बसत होते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ती रचना. बेल्जममधील हर्स्टल येथील कारखान्यात ती पिस्तुले तयार होत. रिव्हॉल्व्हरला मध्यभागी गोळ्यांचे फिरते नळकांडे असते, त्यामुळे ते फुगीर होते व खिशात उठून दिसते. ब्राउनिंगच्या गोळ्या मुठीच्या आत एकावर एक बसतात, म्हणून ते चपटे राहते. एक गोळी सुटली की त्याच झटक्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढची गोळी नळीत येते. नवख्या हातालासुद्धा ते भराभर चालविता येते. मात्र लांबच्या नेमाला ते कामाचे नाही. वापरणाऱ्याला अगदी जवळ जावे लागते, आणि जवळ गेलेला माणूस निसटत नाही. लोक या हत्याराचे कौतुक करतात तेव्हा ही बाजू विसरतात असे मला वाटते.

लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकरांनी अशी वीस पिस्तुले १९०९ च्या आरंभी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर हिंदुस्थानात धाडली. अमीन हे इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी होते. पेटीच्या तळाशी चोरकप्पा करून त्यात पिस्तुले बसविली होती. त्याच वर्षी जूनमध्ये सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना राजद्रोही कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला पुढे पाठविणारा अधिकारी जॅक्सन. नाशिकच्या तरुणांचा रोष त्याच्यावर वळला तो यामुळे.

नाशिकच्या गटाचे पुढारी कृष्णाजी गोपाळ कर्वे. विनायक नारायण देशपांडे त्यांच्या सोबत होते. गोळी अनंताने घालायची, तो चुकला तर देशपांड्यांनी, आणि तेही चुकले तर कर्व्यांनी, असे ठरले. अनंताने काम होताच विष घेऊन स्वतःला संपवायचे, म्हणजे दुसऱ्यांची नावे उघड होणार नाहीत. बेतात परतीची वाटच नव्हती. जॅक्सनची बदली झाल्याने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात त्याच्यासाठी ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन आत येताच अनंत पुढे झाला आणि त्याने चार गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच ठार झाला. अनंत तेथेच पकडला गेला. विष घेण्यास त्याला सवड मिळाली नाही.

जॅक्सन हा सामान्य अंमलदार नव्हता, हेही लिहिले पाहिजे. तो संस्कृत जाणणारा होता; लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने जमविलेल्या लोकसमजुती व चालीरीतींच्या टिपणांवरून एन्थोव्हेन यांनी पुढे पुस्तके सिद्ध केली. त्यांपैकी एक कोकणासंबंधी आहे, म्हणजे अनंतच्याच मुलखाविषयी! ज्याला आपली गाणी, आपली भुते-देव ऐकून घ्यावेसे वाटले, तोच आपल्या माणसांचे कागद काळ्या पाण्याकडे रवाना करीत होता. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात हे मला उलगडलेले नाही, आणि केवळ पांडित्यासाठी त्याला मोकळे सोडावे असेही मला म्हणवत नाही. पण त्याला मारल्याने बाबाराव सुटले नाहीत, हेही खरेच.

उलट शस्त्राने माग दिला. अनंतजवळचे पिस्तूल त्या विसांपैकीच एक असल्याचे निष्पन्न झाले आणि धागा लंडनपर्यंत पोहोचला. मार्च १९१० मध्ये सावरकरांना तेथे अटक झाली. जानेवारी १९११ मध्ये जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याच्या आरोपावरून त्यांना दुसरी जन्मठेप मिळाली. दोन्ही मिळून पन्नास वर्षे.

आमच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने पडला. त्याच्या हातात झेंडा होता आणि तो उघड रस्त्यावर होता. दोघांपैकी अधिक धीट कोण, यावर वसतिगृहात आमचे रात्री बाराच्या पुढे वाद झाले आहेत. माझा कौल शिरीषकुमारच्या बाजूने पडतो. माझा खोलीतला सोबती अजून ऐकत नाही.

अनंतचा खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी देण्यात आली. नातेवाइकांनी मागणी करूनही प्रेते त्यांच्या स्वाधीन केली नाहीत. सरकारनेच ती जाळली आणि राखही कोणाला मिळू दिली नाही.