भद्राचलनिवासी भक्त रामदासू

श्रीरामचरणी सर्वस्व वाहणाऱ्या तेलुगू संतांत भक्त रामदासूंचे स्थान अग्रगण्य आहे. सज्जनगडचे समर्थ रामदास (१६०८–१६८१) व हे रामदासू समकालीन. उपास्य एकच, परंतु व्यक्ती भिन्न.

रामदासूंचे मूळ नाव कंचर्ल गोपन्ना. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेलकोंडपल्ली या लहानशा गावी लिंगन्ना व कामांबा यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज तेलंगणातील खम्मम जिल्ह्यात आहे. १६७२ साली गोवळकोंड्याच्या गादीवर आलेल्या अबुल हसन तानाशहाच्या दरबारी त्यांचे मामा मादण्णा व आक्कण्णा अधिकारपदी होते. त्यांच्यामुळे गोपन्नांस पालवंचा परगण्याची तहसीलदारी लाभली.

या परगण्यात त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या गोदावरीच्या तीरी भद्राचलम वसले आहे. दम्मक्का नामक आदिवासी भक्तिणीने येथील मूर्तींवर पर्णछत्र उभारून नित्यपूजा आरंभिली होती, असे परंपरा सांगते. देवाची ती स्थिती पाहून गोपन्नांचे अंतःकरण द्रवले. त्यांनी मंदिर बांधण्यास घेतले, अलंकार घडविले. लोकांनी दिलेले द्रव्य अपुरे पडले, तेव्हा त्यांनी राजाज्ञा न घेता सरकारी महसूल या कार्यी लाविला. ही रक्कम सहा लाख होती, असे सांगतात.

सुलतानाने त्यांस गोवळकोंड्याच्या कारागृहात टाकिले. परंपरेनुसार हा बंदिवास बारा वर्षांचा होता. तेथील यातना सोशीत त्यांनी कीर्तने रचिली. एका पदात ते रामास एकेका अलंकाराचा खर्च ऐकवितात, कोपाने बोल लावितात आणि त्याच पदाच्या अखेरीस क्षमा मागतात. त्यांच्या भक्तीतील हा जिव्हाळा पुढे त्यागराजांसही वंदनीय वाटला.

आख्यायिका अशी की, रामोजी व लक्ष्मोजी नामक दोन तरुणांनी रात्री सुलतानाकडे येऊन सर्व रक्कम भरली व पावती घेतली. ते प्रत्यक्ष राम-लक्ष्मण होते, हे उमजून सुलतानाने गोपन्नांस सन्मानाने मुक्त केले. श्रीरामनवमीच्या कल्याणोत्सवास शासनातर्फे मोती व रेशमी वस्त्रे अर्पण करण्याची प्रथा आहे. मोत्यांची परंपरा तानाशहापासूनची मानिली जाते.

रामदासूंनी घडविलेले अलंकार मंदिरात जतन केले आहेत. गोवळकोंडा किल्ल्यात त्यांची कोठडी दाखविली जाते, तर नेलकोंडपल्लीस त्यांचे ध्यानमंदिर आहे. यात्रेकरूंनी या स्थळांचेही दर्शन अवश्य घ्यावे.